अंकाचे वाचन : सी भाषेतील एका छोट्या फंक्शनचा इतिहास

कागदावर लिहिलेली संख्या ही आधी मजकूर असते आणि मग संख्या होते. हे विधान विचित्र वाटेल, कारण आपल्या डोळ्यांना या दोहोंमधले अंतर जाणवतच नाही. ‘३.१४’ असे दिसले की आपण थेट एक परिमाण वाचतो. तीन, टिंब, एक आणि चार अशी चार चिन्हे सुटी सुटी वाचत नाही. संगणकाला मात्र नेमकी ही चार सुटी चिन्हेच मिळतात. इंग्रजी लिपीत हीच संख्या टंकित केली, तर त्याच्या हाती ५१, ४६, ४९ आणि ५२ असे चार सांकेतिक क्रमांक पडतात. त्यांत ‘तीनहून थोडे अधिक’ असा कोणताही अर्थ नसतो. या चिन्हांच्या माळेला संगणकाच्या परिभाषेत स्ट्रिंग म्हणतात, आणि तिच्यातून एक परिमाण उभे करणे हे काम कोणीतरी करावेच लागते. सी या भाषेत ते ‘एटूएफ’ आणि ‘स्ट्रटूडी’ या दोन फंक्शनांकडे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या यंत्रविद्येशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु या फंक्शनांच्या इतिहासात जे पेच पडले, ते सगळे वाचनाविषयीचे आहेत. मजकूर वाचता आला नाही तर वाचकाने काय करावे? शेपटाकडचे एखादे चिन्ह दुर्लक्षिले तर अर्थ बदलतो काय? एकाच खुणेचा अर्थ देशोदेशी निराळा असेल, तर कोणाचा ग्राह्य धरावा? पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे प्रश्न परके वाटू नयेत. फरक एवढाच की येथे वाचक यंत्र आहे, आणि यंत्राला ‘साधारणतः असे असावे’ म्हणून पुढे सरकण्याची सवलत कोणी द्यायची, हे माणसांनाच ठरवावे लागले.

माणसाने दशमान पद्धतीने लिहावे आणि यंत्राने द्विमान पद्धतीने मोजावे, ही श्रमविभागणी बरीच जुनी आहे. कोनराड त्सूझ यांनी १९४१ साली बर्लिनमध्ये पूर्ण केलेल्या झेड-३ या यंत्रात संख्या दशमान कळफलकावरून आत जात, आतले गणित द्विमान पद्धतीने होई आणि उत्तर पुन्हा दशमानात दिव्यांवर उमटे. म्हणजे वाचणे आणि लिहिणे ही दोन्ही रूपांतरे यंत्रातच होती. त्सूझ यांचे यंत्र फ्लोटिंग पॉइंट पद्धतीचेही होते. या पद्धतीत संख्येचे सार्थ अंक वेगळे ठेवतात आणि दशांशचिन्ह किती घरे सरकवायचे हे वेगळे लिहून ठेवतात. त्यामुळे सूर्याचे अंतर आणि इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ही दोन्ही एकाच मापाच्या खणात मावतात. झेड-३ हे यंत्र १९४३ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाले. श्रमविभागणी मात्र राहिली. १९५७ साली आलेल्या फोरट्रॅन भाषेने संख्या वाचण्याचे काम भाषेच्याच अंगी दिले आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचा विचार करण्याची गरज उरली नाही.

एटूएफ हे नाव सी भाषेहूनही थोडे आधीचे आहे. बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि तिच्यात एटूएफची नोंद सापडते. ‘आस्की ते फ्लोटिंग’ असा त्या नावाचा विस्तार. सी भाषा तेव्हा अजून आकार घेत होती. परंतु या फंक्शनला खरी कीर्ती मिळाली ती ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ सालच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथामुळे. चौथ्या प्रकरणात लेखकांनी एटूएफ स्वतः लिहून दाखवले आहे. गंमत अशी की संख्या कशी वाचावी हे शिकवणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पूर्णांकाखेरीज वेगळ्या प्रकारचे मूल्य परत करणारे फंक्शन कसे लिहावे, या धड्याला त्यांना एक उदाहरण हवे होते. दुसऱ्याच कारणासाठी घेतलेले हे उदाहरण मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात ‘संख्या वाचणे म्हणजे हे’ अशी समजूत होऊन बसले. पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

उदाहरण खरोखर देखणे आहे. आधीच्या मोकळ्या जागा ओलांडायच्या, अधिक-उणे चिन्ह पाहायचे आणि मग डावीकडून एकेक अंक घ्यायचा. हाती असलेल्या मूल्याला दहाने गुणून त्यात नवा अंक मिळवायचा. ‘३.१४’ वाचताना तीन, मग एकतीस, मग तीनशे चौदा असे मूल्य वाढत जाते. टिंबानंतर किती अंक आले याची नोंद शंभर या रूपाने शेजारी ठेवलेली असते. शेवटी तीनशे चौदाला शंभराने भागले की झाले. अंकाच्या चिन्हातून अंकाचे मूल्य काढण्याची युक्ती तर आणखी सोपी आहे. दहाही अंकांचे सांकेतिक क्रमांक ओळीने लागून असल्यामुळे चिन्हाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की मूल्य मिळते. ५१ वजा ४८, म्हणजे तीन. पाटीवर अंक गिरवणाऱ्या मुलालाही समजावे इतके हे सरळ आहे. ग्रंथाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकांनी स्वाध्याय दिला की दहाच्या घातांसह लिहिलेल्या संख्याही या फंक्शनला वाचता याव्यात असा त्याचा विस्तार करा. जगभरच्या किती विद्यार्थ्यांनी तो सोडवला असेल याची गणती नाही.

आता या वाचकाचा स्वभावदोष पाहू. समजा, निकालपत्रकाच्या एका रकान्यात गुण आहेत. एका विद्यार्थ्यापुढे ‘०’ लिहिले आहे, दुसऱ्यापुढे ‘गैरहजर’, तिसऱ्यापुढची जागा कोरीच राहिली आहे. एटूएफला हे तिन्ही मजकूर दिले तर तिन्हींचे उत्तर एकच येते : शून्य. ज्याने परीक्षा दिली आणि ज्याला काहीच लिहिता आले नाही, तो. जो आजारी पडून घरी राहिला, तो. आणि ज्याचे गुण भरायचे कारकुनाकडून राहून गेले, तो. तिघेही यंत्राच्या लेखी एकच. पुढे वर्गाची सरासरी काढली जाते, आणि ती चुकीची आहे हे सांगणारे त्या आकड्यात काहीही उरलेले नसते. आपल्याला वाचता आले नाही हे सांगण्याची सोयच या फंक्शनच्या रचनेत नाही. त्याला एकच मूल्य परत करता येते. आणि ‘मला कळले नाही’ या वाक्यासाठी संख्यांच्या राज्यात जागा राखून ठेवलेली नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक घरचे आहे. ‘१,२५,०००’ असा पगाराचा आकडा आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिला, मग तो इंग्रजी अंकांत का असेना, तरी हे फंक्शन पहिला अंक वाचते, स्वल्पविराम पाहून थबकते आणि हाती आलेला एक परत करते. सव्वा लाखाचा एक रुपया होतो, आणि तक्रार कोठेही उमटत नाही. मजकुरातली संख्या खणात मावण्यापलीकडे मोठी असेल, तर एटूएफने काय करावे हे सीच्या मानकाने सांगितलेलेच नाही. तेथे वर्तन अनिर्बंध आहे.

१९८९ साली सी भाषेचे अमेरिकन मानक निश्चित झाले. त्यात एटूएफसोबत स्ट्रटूडी या फंक्शनलाही स्थान मिळाले. दोघांचे वाचन एकसारखेच; परंतु स्ट्रटूडी मूल्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगते, ती म्हणजे आपण वाचत वाचत नेमके कोठवर आलो. ‘१२.५ टक्के’ असा मजकूर दिला तर ते साडेबाराचे मूल्य देते आणि पाच या अंकापुढच्या जागेवर बोट ठेवून म्हणते, येथपर्यंत माझे; पुढचे तुम्ही पाहा. ‘गैरहजर’ हा शब्द दिला तर मूल्य शून्यच येते, पण बोट शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर राहते. म्हणजे काहीच वाचले गेलेले नाही, हे शून्य कोणी लिहिलेले नाही. संख्या खणाबाहेर गेली तर तशी खूणही वेगळी ठेवली जाते. माझ्या मते सीच्या ग्रंथालयात यापेक्षा चतुर फंक्शने पुष्कळ असतील, पण इतके प्रामाणिक क्वचितच असेल. दुर्दैवाने हे बोट पाहण्याची सक्ती कोणावरच नाही. त्या जागी ‘मला नको’ असे लिहून टाकता येते, आणि घाईतला प्रोग्रॅमर तेच करतो.

येथवर प्रश्न होता तो वाचता न आलेल्या मजकुराचा. त्याहून खोल प्रश्न आहे तो बरोबर वाचलेल्या मजकुराचा. सी भाषेतील ‘डबल’ या प्रकारच्या खणात ६४ बिट असतात आणि सार्थ अंकांसाठी त्यांतून ५३ बिटांची अचूकता मिळते. अशा संख्या मोजक्याच असणार. त्या एखाद्या लांबलचक रस्त्यावरच्या एसटीच्या थांब्यांसारख्या आहेत, असे समजू. शून्याजवळ थांबे दाट आहेत. दूर जावे तसे विरळ होत जातात. मजकुरातली संख्या थांब्यावरच पडली तर उत्तम. नाही पडली, तर जवळच्या थांब्यावर उतरावे लागते. आपला नेहमीचा एक-दशांश कोणत्याच थांब्यावर पडत नाही. द्विमान पद्धतीत तो तीन भागिले दहासारखा संपत नाही, एक भागिले तीनसारखा अखंड चालत राहतो. त्यामुळे ‘०.१’ वाचल्यावर खणात जे बसते ते ०.१०००००००००००००००… असे, एक-दशांशाहून किंचित मोठे असते. हा काही दोष नव्हे. जवळचा थांबा तोच आहे. (या ठिकाणी १९९१ मधील दाहरान येथील पेट्रिअट क्षेपणास्त्राच्या अपयशाची कथा सांगण्याची प्रथा आहे. तेथे एक-दशांश सेकंद २४ बिटांत कोंबला होता हे खरे. परंतु ती चूक मजकूर वाचण्याची नव्हती, म्हणून ती बाजूला ठेवतो.)

अडचण येते ती दोन थांब्यांच्या बरोबर मध्ये. ९००७१९९२५४७४०९९२ ही संख्या, म्हणजे दोनाचा ५३ वा घात, एक थांबा आहे. तिच्यापुढचा थांबा दोनाने पुढे आहे : शेवटी ९९४ असलेला. मग शेवटी ९९३ असलेला मजकूर आला तर? तो अगदी मध्यावर आहे. अशा वेळी सम बाजूच्या थांब्यावर जावे असा नियम आहे आणि त्यानुसार ९९२ मिळते. आता त्याच मजकुरापुढे टिंब देऊन शंभर शून्ये लिहा आणि अगदी शेवटी एक हा अंक ठेवा. संख्या मध्यापासून केसभर पुढे सरकली. जवळचा थांबा आता ९९४ आहे. शंभर शून्यांपलीकडच्या त्या एका अंकाने वाचन बदलले. शेवटचा अनुस्वार शब्दाचे वचन बदलतो, तसाच हा प्रकार आहे. डबलच्या बाबतीत असा निर्णायक मध्य ७६८ सार्थ अंकांपर्यंत लांबू शकतो. ‘पुढचे अंक नगण्य आहेत’ असे कोठेतरी ठरवून थांबणारा वाचक कधी ना कधी चुकणारच.

कर्निगन-रिचींचा वाचक या परीक्षेत कोठे बसतो? आश्चर्य असे की रोजच्या व्यवहारात तो अगदी बरोबर असतो. एकूण अंक पंधराच्या आत असतील आणि टिंबानंतरचे अंक बावीसच्या आत, तर अंश आणि छेद दोन्ही खणात अचूक मावतात, शेवटचा भागाकार एकदाच होतो आणि, भागाकार नियमाप्रमाणे करणाऱ्या यंत्रावर, उत्तर थेट जवळच्या थांब्यावर जाते. दहाचा बावीसावा घात हा अचूक मावणारा शेवटचा घात. त्यापलीकडे प्रत्येक गुणाकारात थोडी धूळ साचते आणि शेवटी उत्तर एखाद-दुसरा थांबा चुकते. किराणा, पगार, गुण, तापमान यांत ती चूक दिसतच नाही. म्हणूनच ती इतकी वर्षे कोणाला बोचली नाही.

काहींना बोचली होती. १९६७ साली कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात बेनेट गोल्डबर्ग यांनी दाखवून दिले की आठ दशमान अंकांच्या अचूकतेला २७ बिट पुरत नाहीत, जरी वरवरचा हिशेब ते पुरतात असे सांगतो. पुढच्याच वर्षी डेव्हिड मातुला यांनी त्याच पानांवर जाऊन-येऊन होणाऱ्या रूपांतराचा सिद्धान्त मांडला. यंत्रातली संख्या कागदावर उतरवली आणि कागदावरून पुन्हा वाचली, तर ती तीच राहील काय? भाषांतराचे पुन्हा मूळ भाषेत भाषांतर करावे आणि मूळ शब्द तसाच हाती यावा, अशी ही अपेक्षा आहे. ५३ बिटांसाठी १७ दशमान अंक लिहिले, आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही चोख असले, तर ती पुरी होते. त्या ‘चोख असले तर’मध्येच सगळी अडचण होती.

१९८५ साली फ्लोटिंग पॉइंटचे आयईईई ७५४ हे मानक आले. बर्कलीचे विल्यम काहान हे त्याचे प्रमुख शिल्पकार, आणि १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला तो अशाच कामासाठी. या मानकाने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांत जवळचाच थांबा हवा असा कडक दंडक घातला. वाचनाच्या बाबतीत मात्र ते नरमले. ठरावीक मर्यादेतील संख्यांना चोख वाचन सक्तीचे केले. त्याबाहेर, अटळ असलेल्या अर्ध्या घराच्या चुकीवर आणखी ०.४७ घराची सूट दिली. गणित अचूक, पण ज्या मजकुरावरून गणित सुरू होते त्याचे वाचन सैल. ही तडजोड आळसातून आलेली नव्हती. सर्व संख्या चोख वाचण्याची परवडणारी रीत तोवर कोणाच्या हाती नव्हती.

ती १९९० मध्ये मिळाली. त्या वर्षी जूनमध्ये प्रोग्रॅमिंग भाषांवरील एका परिषदेत एकमेकांच्या जोडीचे दोन निबंध सादर झाले. विल्यम क्लिंगर यांचा निबंध वाचनाविषयी होता, तर गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांचा लेखनाविषयी. शीर्षकेही जुळ्या भावंडांसारखी : एकात संख्या अचूक कशा वाचाव्या, दुसऱ्यात अचूक कशा छापाव्या. क्लिंगर यांनी सिद्ध केले की आधी ठरवून ठेवलेली कोणतीही अचूकता या कामाला पुरी पडू शकत नाही. ती कितीही वाढवली तरी तिला चकवणारा मजकूर लिहिता येतोच. मग उपाय काय? झटपट वाचावे, पण वाचताना आपली शंका मोजत जावे. उत्तर मध्यापासून पुरेसे दूर असेल तर ते निश्चित मानावे. मध्याच्या फार जवळ आले तर मात्र थांबून, हव्या तितक्या अंकांचे मोठे पूर्णांक मांडून, खरा निवाडा करावा. जाणता वाचक नेहमीच्या ओळी वेगाने वाचतो आणि संदिग्ध ओळीवर थांबून सर्व प्रती काढतो, तसेच हे. या निबंधातले माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पाऊल हेच : आपल्याला शंका कोठे घ्यायची हे यंत्राला कळू लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेतील डेव्हिड गे यांनी दोन्ही बाजूंची रूपांतरे एकत्र आणून, त्यांना वेग देऊन सी भाषेत लिहिले आणि तो कोड नेटलिब या सार्वजनिक संग्रहात ठेवला. पुढच्या वीसेक वर्षांत तो असंख्य प्रणालींत आणि भाषांत शिरला. पायथनने २००९ च्या ३.१ या आवृत्तीत तो घेतला. तोपर्यंत पायथनला ०.१ विचारले की पडद्यावर ०.१०००००००००००००००१ असे उमटे, त्यानंतर नुसते ०.१ उमटू लागले. आयईईई मानकानेही २००८ च्या सुधारणेत सूट काढून घेतली. तरीही सगळे वाचक एकदम सुधारले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मधील वाचन २०१५ च्या आवृत्तीपर्यंत पहिल्या १७ सार्थ अंकांवर थांबत असे.

चोख वाचनाचा ध्यास कसा अंगावर येऊ शकतो, हे जानेवारी २०११ मध्ये दिसले. २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात, एवढीच संख्या पीएचपी भाषेच्या काही आवृत्त्यांना ३२ बिटांच्या इंटेल-पद्धतीच्या यंत्रांवर वाचायला दिली, की ते कायमचे गुंतून पडत. संकेतस्थळाच्या अर्जात कोणीही हा आकडा लिहावा आणि पलीकडचे यंत्र थिजावे, असा प्रकार. ही संख्या दोन शेजारी थांब्यांच्या जवळजवळ मधोमध येऊन पडते. पीएचपीने गे यांच्या कोडवरून आपला वाचक घेतला होता. अंदाज करायचा, चूक मोजायची, अंदाज दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीची गरज उरेपर्यंत हे चालवायचे, अशी त्याची रीत. परंतु त्या प्रोसेसरची जुनी गणनशाखा मधली मूल्ये ६४ ऐवजी ८० बिटांत धरत असे. या जादा अचूकतेमुळे केलेली दुरुस्ती खणात उतरताना पुसली जाई आणि वाचक पुन्हा तेथेच येई. उपाय एका शब्दाचा निघाला : त्या मूल्याला ‘व्होलाटाइल’ म्हणायचे, म्हणजे ते दर वेळी खणात उतरवूनच पाहिले जाते. फेब्रुवारीत जावा भाषेच्या वाचकालाही जवळच्याच एका संख्येने असेच अडकवले. त्याचा कोड वेगळा होता, खड्डा त्याच रस्त्यावरचा.

याच्या उलट टोकाला आहे तो अतिवाचनाचा दोष. २००४ साली जनुकशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केले की एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रणाली त्यांच्या याद्या बिघडवत आहेत. जपानच्या रिकेन संस्थेच्या नोंदक्रमांकांत आधी अंक, मध्ये ई हे इंग्रजी अक्षर आणि पुन्हा अंक असत. ‘२३१०००९ई१३’ हा त्यांतलाच एक. प्रणालीने ई म्हणजे दहाचा घात असे मानून तो नोंदक्रमांक फ्लोटिंग पॉइंट संख्या म्हणून वाचला आणि मूळ मजकूर टाकून दिला. नाव होते, त्याची रक्कम झाली. काही जनुकांच्या नावांच्या तारखाही झाल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. वाचक बदलत नाही म्हणून लेखकांनी आपली भाषा बदलली.

वेगाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला, कारण आजचा बराचसा विदा मजकुराच्या रूपातच प्रवास करतो. मायकेल आयझेल यांच्या कल्पनेवरून डॅनियल लमीर यांनी २०२१ साली मांडलेल्या रीतीत पाचाच्या घातांचे आधीच तयार ठेवलेले कोष्टक आणि १२८ बिटांचा गुणाकार एवढ्यावर जवळजवळ सर्व संख्यांचा निकाल लागतो. २०२३ मध्ये लमीर आणि नोबल मुश्ताक यांनी दाखवले की मजकूर फार लांब नसेल, तर शंकेच्या वेळी मागे वळून करायच्या निवाड्याची गरजच पडत नाही. गो, रस्ट आणि सी++ यांच्या ग्रंथालयांत ही रीत रुजली आहे.

सी++ च्या ज्या नव्या फंक्शनात ती आली, त्याने आणखी एक जुना तंटा मिटवला. दशांशचिन्ह टिंब असावे की स्वल्पविराम, यावर युरोपात कधीच एकमत झाले नाही. १९८९ च्या मानकाने म्हणून सीमध्ये लोकेल आणले : प्रोग्रॅम ज्या देशाचा लोकेल धारण करील, त्या देशाचे दशांशचिन्ह स्ट्रटूडीला मान्य. हेतू उदार होता. परिणाम असा की तीच फाइल जर्मन लोकेलमध्ये उघडली तर ‘३.१४’चे तीन होतात, कारण तेथे टिंब हे दशांशचिन्हच नाही. नवे फंक्शन कोणताच लोकेल पाहत नाही, टिंबच मानते. सीमधील स्ट्रटूडी मात्र अजून लोकेलच्या मर्जीवर चालते.

चिन्हाबाबत इतकी उदारता दाखवणाऱ्या मानकाने अंकांबाबत मात्र ती दाखवलेली नाही. या लेखातले सर्व आकडे देवनागरीत छापले आहेत. त्यांतला कोणताही, अगदी सरळसा ‘१२.५’ जरी, सीच्या सर्वसाधारण लोकेलमधील एटूएफला दिला, तर उत्तर येते शून्य; निकालपत्रकातल्या त्या ‘गैरहजर’सारखेच. अन्य लोकेलांत इतर रूपे स्वीकारण्याची मुभा मानकाने ठेवली आहे, सक्ती नाही. पायथन हाच मजकूर साडेबारा म्हणून वाचते. त्यासाठी ते आधी युनिकोडमधील देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक ठेवते आणि मग वाचायला घेते. सीमध्ये प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरी अंकाचे तीन बाइट होतात आणि त्यांतला पहिला, २२४, अंकाच्या यादीत नसल्याने वाचन उंबरठ्यावरच थांबते. पण हेही अंक ओळीने लागूनच आहेत. शून्याचा शेवटचा बाइट १६६, नवाचा १७५. कर्निगन-रिचींची वजाबाकी येथेही चालते. ४८ च्या जागी १६६ घालायचे आणि एका अंकासाठी तीन पावले पुढे सरकायचे, एवढाच बदल. स्वाध्याय म्हणून तो १९७८ च्या उदाहरणात सहज बसेल.